वाचकांचे प्रश्न : संशोधन पार्क, नवोपक्रम केंद्रे आणि आपला ठाणे–बेलापूर पट्टा

संशोधन पार्क आणि प्रादेशिक नवोपक्रम केंद्रे यांना केंद्र सरकार कोणत्या मार्गाने पाठबळ देते, याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ठाणे–बेलापूर रस्त्यावर प्रत्येक काचेच्या इमारतीला कुठला ना कुठला पार्क म्हणतात. व्हॉल्व्ह आणि दाबमापके बनवणारा आमचा छोटा कारखाना अशाच एका इमारतीला लागून आहे, पण तिच्याशी आमचा काडीचाही संबंध येत नाही. मग सरकार ज्याला रिसर्च पार्क म्हणते, ते या पार्कांपेक्षा वेगळे कसे? — रबाळे येथील एक लघुउद्योजक

उत्तर : हा फरक इमारतीकडे पाहून कळत नाही, कारण तो भाडेकराराच्या अटींमध्ये असतो. आयटी पार्कात भाडे देऊ शकणाऱ्या कोणत्याही पात्र कंपनीला जागा मिळते आणि भाडे वेळेवर आले की मालकाचे काम संपते. संशोधन पार्कात मात्र जागा घेणाऱ्या कंपनीने शेजारच्या विद्यापीठाबरोबर किंवा संस्थेबरोबर प्रत्यक्ष काम करावे, अशी अपेक्षा असते आणि चांगल्या पार्कात ती लेखी बंधन म्हणून नोंदलेली असते.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या १९५१ मधील औद्योगिक पार्कात आहे. विद्यापीठाकडे हजारो एकर जमीन होती, परंतु मूळ दानपत्रानुसार ती विकता येत नव्हती. म्हणून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचे ठरले, आणि विद्यापीठाच्या संशोधनाला ज्यांचा उपयोग होईल अशा कंपन्यांना प्राधान्य मिळाले. पुढे केंब्रिजमध्ये ट्रिनिटी कॉलेजने १९७० मध्ये विज्ञान पार्क उभारले. तैवानने १९८० मध्ये शिंचू येथे दोन विद्यापीठांच्या आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेच्या शेजारी पार्क वसवले. त्याच संस्थेतील काम आणि माणसे घेऊन १९८७ मध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी निघाली. शिंचूचे यश सांगताना पार्काची जागा आणि करसवलती यांचाच उल्लेख होतो, पण पार्क सुरू होण्याआधी सात वर्षे ती संशोधन संस्था काम करत होती, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे विद्यापीठाशी जोडलेले पहिले संशोधन पार्क आयआयटी मद्रासने उभारले आणि ते २०१० मध्ये सुरू झाले. प्रा. अशोक झुनझुनवाला यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. तेथील व्यवस्था आपल्याला विशेष रुचेल. जागा घेणाऱ्या कंपनीने किती क्षेत्रफळ घेतले आहे, त्यानुसार तिने ठरावीक गुण मिळवावे लागतात. प्राध्यापकांबरोबर संयुक्त प्रकल्प, विद्यार्थ्यांना दिलेले अर्धवेळ काम, संयुक्त पेटंट, संशोधक कर्मचाऱ्यांचे पुढील शिक्षण अशा गोष्टींसाठी हे गुण मिळतात. म्हणजे मोठी जागा हवी असेल तर संस्थेशी संबंधही तेवढाच मोठा ठेवावा लागतो.

आपल्या पत्रातील ‘काडीचाही संबंध येत नाही’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात, कारण चुकीची गोष्ट मोजली गेल्याचा तो परिणाम आहे. महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने खासगी आयटी पार्कांना वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर अधिक बांधकामाची मुभा, दिले. त्यातून रोजगार आला, याबद्दल वाद नाही. परंतु सवलत चटई क्षेत्रासाठी होती, म्हणून चटई क्षेत्र वाढले. शेजारच्या कारखान्याचा प्रश्न सोडवण्यासाठी सवलत असती, तर कुणीतरी आपले दार ठोठावले असते.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. गेली चाळीस वर्षे विज्ञान पार्क, इन्क्युबेटर, हब अशी नावे वाचतो आहे. केंद्राने नेमके काय केले आणि हा पैसा शेवटी कुणाच्या हातात पडतो, हे एकदा सविस्तर सांगावे. — नौपाडा, ठाणे येथील एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : आपली चाळीस वर्षांची मोजणी अचूक आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १९८२ मध्ये उद्योजकता विकासासाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन केले आणि ऐंशीच्या दशकात अभियांत्रिकी संस्थांच्या आवारात विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजक पार्क सुरू करण्याची योजना आखली. योजना काळाच्या पुढे होती, पण तेव्हा नव्या उद्योगात भांडवल घालणारे जवळजवळ कुणी नव्हते. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था आली. उपग्रहाद्वारे परदेशाशी माहितीची देवाणघेवाण आणि निर्यातदारांना करसवलती या दोन ठोस गोष्टी तिने दिल्या आणि सॉफ्टवेअर उद्योगाला त्यांचा मोठा लाभ झाला. मात्र ते निर्यातीचे धोरण होते, संशोधनाचे नव्हते.

पुढचा मोठा टप्पा २०१६ चा. स्टार्टअप इंडियाच्या कृती आराखड्यात आयआयटी मद्रासच्या धर्तीवर सात नवी संशोधन पार्क, प्रत्येकी १०० कोटी रुपयांच्या प्रारंभिक गुंतवणुकीने, उभारण्याचे ठरले. त्याच सुमारास नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने इन्क्युबेशन केंद्रांना, म्हणजे नव्या उद्योगांना जागा, उपकरणे आणि मार्गदर्शन देणाऱ्या इन्क्युबेटरना, पाच वर्षांत १० कोटी रुपयांपर्यंत अनुदान देण्यास सुरुवात केली. डिसेंबर २०१८ मध्ये ३,६६० कोटी रुपयांचे सायबर-भौतिक प्रणालींचे (संगणकाने चालणाऱ्या यंत्रणांचे) राष्ट्रीय अभियान मंजूर झाले आणि त्यातून नामांकित संस्थांमध्ये २५ तंत्रज्ञान नवोपक्रम हब निघाली. इंटरनेट ऑफ थिंग्ज, म्हणजे इंटरनेटने जोडलेली उपकरणे, या विषयाचे हब पवईला आयआयटी मुंबईत आहे. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये हे त्याचे लक्ष्य आहे, परंतु त्यातील बहुतांश रक्कम सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, देणगीदार वगैरेंकडून येणे अपेक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास आणि नवोपक्रम योजना मंजूर केली. तिच्यातून अल्प किंवा शून्य व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जे आणि भांडवल दिले जाणार आहे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. या पैशाचा पहिला थांबा जवळजवळ नेहमी यजमान संस्था असतो. संस्था नफा न कमावणारी कंपनी स्थापन करते, तिच्या खात्यात हप्ता जमा होतो आणि पुढचा हप्ता मिळण्यासाठी आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. जे प्रमाणपत्रात लिहिता येते, म्हणजे इमारत, फर्निचर आणि यंत्रसामग्री, त्यावर खर्च लवकर होतो. जे लिहायला अवघड असते, उदाहरणार्थ कारखान्यातील अडचण समजून ती प्रयोगशाळेच्या भाषेत मांडणाऱ्या जाणत्या माणसाचा पगार, त्याला कात्री लागते. मी पाहिलेल्या एका केंद्रात त्रिमितीय छपाईचे महागडे यंत्र दोन वर्षांनंतरही प्लास्टिकच्या आवरणात होते, कारण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाची जागा मंजूरच झाली नव्हती. धोरणातील सगळ्यात मोठी उणीव मला येथे दिसते. भांडवली खर्चासाठी सरकारचा हात सैल आहे आणि माणसांसाठी आखडता. या सगळ्यामागे एक आकडाही लक्षात असू द्यावा : संशोधन आणि विकासावरील भारताचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे, तर चीनचा दोन टक्क्यांहून आणि दक्षिण कोरियाचा चार टक्क्यांहून अधिक.

प्रश्न : अमेरिकेने प्रदेश निवडून त्यांना ‘टेक हब’ घोषित केले, असे वाचले. आपल्याकडे संस्था निवडतात, प्रदेश का निवडत नाहीत? नवी मुंबईला असा दर्जा मिळू शकेल का? — खारघर येथील एक वाचक

उत्तर : अमेरिकेच्या २०२२ च्या चिप्स आणि विज्ञान कायद्यात प्रादेशिक तंत्रज्ञान हबसाठी पाच वर्षांत १० अब्ज डॉलरपर्यंत तरतूद करण्याची मुभा होती. प्रत्यक्षात अर्थसंकल्पातून त्याचा लहानसा भाग मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३१ प्रदेशांना हबचा दर्जा मिळाला, पण जुलै २०२४ मध्ये निधी जाहीर झाला तो त्यांपैकी १२ प्रदेशांना, सुमारे ५० कोटी डॉलर. दर्जा आणि पैसा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांना ‘घोषित’ या शब्दाचे आकर्षण आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र त्या पद्धतीतील एक भाग अनुकरणीय आहे. अर्ज एकट्या विद्यापीठाला करता येत नव्हता. विद्यापीठ, उद्योग, स्थानिक शासन, कामगार संघटना किंवा प्रशिक्षण संस्था यांनी एकत्र येऊन, आपला प्रदेश कोणत्या एका तंत्रज्ञानात पुढे जाऊ शकतो हे ठरवून अर्ज करायचा होता. त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने जानेवारी २०२४ मध्ये निवडलेल्या दहा प्रादेशिक ‘इंजिनां’ना, म्हणजे अशाच संयुक्त गटांना, तर दहा वर्षांत प्रत्येकी १६ कोटी डॉलरपर्यंत मिळू शकतात. दहा वर्षांची ही मुदत मला रकमेपेक्षा मोलाची वाटते.

आपल्याकडे प्रदेश अजिबात निवडले गेले नाहीत, असे मात्र नाही. केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने शहरनिहाय विज्ञान आणि तंत्रज्ञान समूहांचा उपक्रम सुरू केला. सुरुवातीच्या समूहांत दिल्ली, हैदराबाद, बंगळूरु, पुणे, जोधपूर आणि भुवनेश्वर ही शहरे होती. त्यांपैकी पुण्याचा समूह, पुणे नॉलेज क्लस्टर, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे. शहरातील संस्थांना एका टेबलाशी बसवून पाणी, आरोग्य, वाहतूक अशा प्रश्नांवर काम करणे हा त्याचा हेतू. मुंबई–ठाणे परिसर त्या सहांत नव्हता. एवढ्या संस्था असलेला परिसर मागे राहावा, याचे मला वाईट वाटते. त्याचे एक कारण बहुधा असे की, येथे प्रत्येक संस्था स्वतःच इतकी मोठी आहे की शेजाऱ्याकडे जाण्याची तिला निकड भासत नाही.

आपण खारघरला राहता, म्हणून तेथलेच उदाहरण देतो. टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षण करणारी ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था आपल्या गावात आहे. कर्करोगावरील किरणोपचारासाठी लागणारे रेखीय त्वरक देशातच विकसित करणाऱ्या ‘समीर’ या सरकारी संस्थेचे केंद्रही खारघरला आहे. खाडीपलीकडे मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. आणि दिघ्यापासून नेरूळपर्यंतच्या एमआयडीसीत अचूक यंत्रभाग, सेन्सर, पंप आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट बनवणारे शेकडो छोटे कारखाने आहेत. वैद्यकीय उपकरणे हा विषय ठरवून या सर्वांनी मिळून अर्ज करावा, यापेक्षा स्वाभाविक प्रस्ताव नवी मुंबईला शोधूनही सापडणार नाही. डॉक्टरला काय हवे हे अ‍ॅक्ट्रेकच्या वॉर्डात समजते आणि ते बनवणारा कारागीर पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. या दोघांची गाठ पडण्याची आज कोणतीही ठरलेली जागा नाही. दर्जा मिळेल का, असे आपण विचारता. माझ्या मते आधी ती जागा निर्माण व्हावी. दर्जा मागण्यासाठी तेव्हाच आपल्याजवळ काही दाखवण्यासारखे असेल.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला इन्क्युबेशन केंद्र काढायचे आहे आणि जबाबदारी माझ्यावर आली आहे. दहा हजार चौरस फूट जागा देण्याची तयारी आहे. सुरुवात कुठून करावी? — नेरूळ येथील एक प्राध्यापिका

उत्तर : दहा हजार चौरस फूट ही अटल इन्क्युबेशन केंद्रासाठी यजमान संस्थेकडून अपेक्षित असलेली बांधीव जागा आहे. म्हणजे व्यवस्थापनाने नियमावली वाचलेली दिसते. पण कृपा करून सुरुवात जागेपासून करू नका. पुढचे तीन महिने आपण आणि आपले दोन-तीन सहकारी महापे, पावणे, तुर्भे, रबाळे येथील चाळीसएक गाळ्यांमध्ये जा आणि प्रत्येक मालकाला एकच गोष्ट विचारा : गेल्या वर्षी कोणते काम तुम्ही करू शकत नव्हता म्हणून परत पाठवले? उत्तरे लिहून काढा. मालाची चाचणी जवळ होत नाही, मापनयंत्रांचे प्रमाणीकरण करून घ्यायला दिवस मोडतो, ग्राहक आराखड्याची फाइल पाठवतो पण ती उघडण्याचे सॉफ्टवेअर परवडत नाही, अशी उत्तरे येतील. त्या यादीत जे तीन-चारदा येईल, तो आपल्या केंद्राचा विषय.

असे केल्याने दोन लाभ होतील. केंद्राला पहिल्या वर्षापासून पैसे देणारे ग्राहक मिळतील, आणि आपल्या विद्यार्थ्यांना खरे प्रश्न मिळतील. अनुदान पाच वर्षांत संपते आणि अनेक केंद्रांचा कस सहाव्या वर्षी लागतो. ज्या केंद्राने चाचणी आणि प्रमाणीकरणाची सेवा उभी केली, प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळा प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता मिळवली, ते स्वतःच्या कमाईवर उभे राहू शकते. टेबल-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या केंद्राला हे साधत नाही, कारण तशी जागा आज वाशी किंवा ठाण्यात कुठेही मिळते.

पुण्याचे व्हेंचर सेंटर अवश्य पाहून या. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने ते चालते आणि नव्या कंपन्यांना तेथे पदार्थविज्ञान, रसायन आणि जैवतंत्रज्ञानाची उपकरणे वापरता येतात. जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या ‘बायरॅक’ या केंद्रीय कंपनीने प्रादेशिक केंद्रासाठी त्याची निवड केली, ती हे काम दिसल्यानंतर. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्थाही जवळ आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने कोणत्याही योजनेचे नाव न घेता अनेक दशके रसायन उद्योगाशी जे नाते जपले, ते प्राध्यापकांनी कारखान्यात जाण्यातून निर्माण झाले.

व्यवस्थापनाकडून एक गोष्ट मात्र आधीच लेखी घ्यावी. केंद्राच्या व्यवस्थापकाला पूर्णवेळ नेमणूक हवी आणि उद्योगाबरोबर केलेले काम प्राध्यापकांच्या अध्यापनभारात धरले जावे. आठवड्याला अठरा तास शिकवून उरलेल्या वेळात नवोपक्रम करा, असे सांगणे म्हणजे काहीही करू नका असे सांगण्यासारखेच आहे.

प्रश्न : आमच्या ग्राहक कंपन्या संशोधनावरील खर्चाच्या वाढीव वजावटीबद्दल विचारतात. ती अजून आहे का? — वाशी येथील एक सनदी लेखापाल

उत्तर : वाढीव वजावट उरलेली नाही. आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी) खाली मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधन विभागाच्या खर्चावर एकेकाळी २०० टक्के वजावट होती, म्हणजे खर्चाच्या दुप्पट रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होत असे. ती २०१७–१८ पासून १५० टक्के आणि १ एप्रिल २०२० पासून १०० टक्के झाली. सर्वसाधारण कराचे दर खाली आणताना सवलती काढून टाकायच्या, हे त्यामागचे कारण होते आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे. मध्यम कारखान्यांसाठी मात्र संशोधन विभाग चालू ठेवण्याचे एक कारण कमी झाले. दुसरा एक मार्ग आपल्या ग्राहकांना सांगता येईल : कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीनुसार, केंद्र किंवा राज्य सरकारच्या निधीतून चालणाऱ्या इन्क्युबेटरला दिलेली रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरता येते. देणगी त्याच जिल्ह्यातील केंद्राला दिली, तर तिचा उपयोगही डोळ्यांसमोर राहील.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझे वडील १९७० पासून लेथ चालवत होते. आता शेजारचे गाळे पाडून कार्यालयांच्या इमारती होत आहेत. माझ्या गाळ्याच्या मालकालाही तेच करायचे आहे. नवोपक्रम केंद्र यायचे म्हणता, पण तोपर्यंत आम्ही इथे राहणार आहोत का? — वागळे इस्टेट, ठाणे येथील एक कारखानदार

उत्तर : आलेल्या पत्रांत हे पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. छोट्या कारखानदाराला तयार जागा, रस्ता, पाणी आणि वीज एकत्र मिळाली, तर तो उभा राहतो, हे या राज्याने तेथे सिद्ध केले. आजच्या भाषेत त्यालाच प्रादेशिक केंद्र म्हणावे लागेल.

संशोधन पार्काच्या धोरणात जमिनीचा विचार फार थोडा होतो. नवी कल्पना कागदावरून वस्तूत येण्यासाठी दहा-वीस नग बनवून देणारा कुणीतरी हवा असतो. मोठा कारखाना एवढ्या छोट्या कामासाठी यंत्र थांबवत नाही. ते काम आपल्यासारखा माणूस करतो, तेही आराखड्यात राहिलेली चूक स्वतःहून दाखवून. पवईच्या प्रयोगशाळेतून निघालेला तरुण वागळे किंवा साकीनाक्याला येतो तो याच कामासाठी. हे गाळे भिवंडीच्या पलीकडे किंवा आणखी लांब गेले, तर प्रत्येक दुरुस्तीला एक दिवस जाईल, आणि प्रयोगशील उद्योगात दिवसांचा हिशेब फार महाग पडतो.

करता येण्यासारखे बरेच आहे. स्टॅनफर्डची जमीन विकता येत नव्हती म्हणून भाडेपट्ट्यात अटी घालता आल्या, हे पहिल्या उत्तरात आले आहे. एमआयडीसीसुद्धा भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. म्हणजे वापर बदलण्याची किंवा वाढीव बांधकामाची परवानगी देताना, तळमजल्यावरील ठरावीक क्षेत्र यंत्रकामासाठी परवडणाऱ्या भाड्यात राखून ठेवावे, अशी अट घालण्याचा अधिकार तिच्या हातात आहे. भार सहन करणारी जमीन, माल चढवण्या-उतरवण्याची सोय आणि पुरेशी वीज हे सर्व नव्या इमारतीच्या तळमजल्यावर जमू शकते. याखेरीज, सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या समूह विकास कार्यक्रमात अनेक उद्योजकांनी मिळून स्थापन केलेल्या कंपनीला सामाईक सुविधा केंद्रासाठी खर्चाचा मोठा वाटा अनुदान म्हणून मिळतो. आपण एकट्याने मालकाशी बोलण्यापेक्षा आपल्या गल्लीतील पंधरा-वीस गाळेधारकांनी एकत्र येऊन, लघुउद्योजकांच्या स्थानिक संघटनेमार्फत महामंडळाकडे आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे या दोन्ही मागण्या लेखी कराव्यात. हे लवकर करावे, कारण परवानगी दिली गेल्यानंतर अट घालता येत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाळीतील पाण्याच्या टाकीतील गळती ओळखणारे स्वस्त उपकरण मी आणि माझ्या मैत्रिणीने बनवले आहे. महाविद्यालयाच्या प्रदर्शनात ते ठेवायचे आहे. पुढे कोणाकडे जावे? — कळवा येथील एक विद्यार्थिनी

उत्तर : प्रदर्शनाची तारीख कधी आहे? उपकरणात खरोखर नवे असे काही असेल, तर ते लोकांसमोर मांडण्याआधी पेटंट कार्यालयात तात्पुरता तपशील (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन) दाखल करा. जाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने धोक्यात येते. तात्पुरत्या तपशिलानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्च आवाक्यात राहतो. अर्ज कोणाच्या नावे करायचा, तुमच्या की महाविद्यालयाच्या, हे मात्र प्राध्यापकांशी बोलून आताच ठरवा आणि कागदावर घ्या. मैत्रिणीचे नाव अर्जात संशोधक म्हणून असलेच पाहिजे.

पैशासाठी पहिली पायरी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी’ कार्यक्रमातील प्रयास योजना ठरू शकेल. तिच्यात नमुना तयार करण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते आणि ती प्रयास केंद्र म्हणून मान्य असलेल्या इन्क्युबेटरमार्फत दिली जाते. पुढे कंपनी नोंदवून स्टार्टअप म्हणून मान्यता घेतली, तर २०२१ मध्ये सुरू झालेल्या बीज निधी योजनेची रचना समजून घ्या. कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा तत्सम साहाय्य, असे तिचे स्वरूप आहे. अर्ज करताना कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी आणि हा पैसाही इन्क्युबेटरच देतो, म्हणून त्या केंद्राकडे यंदा निधी शिल्लक आहे का, हे आधी विचारून घ्या. आयआयटी मुंबईचे ‘साइन’ हे केंद्र २००४ पासून काम करत आहे आणि कळव्याहून पवईला जाऊन यायला फार तर एक दिवस लागेल. नुसता अर्ज पाठवण्यापेक्षा उपकरण पिशवीत घालून, आधी वेळ घेऊन जा.

आणखी एक सांगतो. उपकरण दहा वेगवेगळ्या चाळींच्या टाक्यांवर प्रत्येकी महिनाभर लावून ठेवा आणि कुठे चुकले याची रोज नोंद करा. मूल्यमापन करणारे लोक बरोबर आलेल्या निकालांपेक्षा ती वही अधिक काळजीपूर्वक वाचतात. टाकीवर बसवण्याचे आवरण बनवून घ्यायचे असेल तर संपादकांमार्फत कळवा. वरच्या पत्रातील वागळे इस्टेटच्या गृहस्थांना मी तुमच्याबद्दल लिहिले आहे, आणि पहिले दोन नग पाहून देण्याची त्यांची तयारी आहे.